बाबा, तुमचा बॅकलॅश माझ्या दुर्बिणीत निघाला

लेस्टर, २५ मे २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत, "मग त्या दुर्बिणीचं शेवटी झालं काय?" आणि दोन्ही वेळेला कधी छोटी रडायला लागली, कधी तुमच्याकडची लाईट गेली, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच काढावं. दादाला मेल करतेय, तो प्रिंट काढून देईल. दादा, अक्षरं मोठी कर रे, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय, आणि फोटो मात्र चांगल्या कागदावर काढ, ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर नको, काळं आभाळ करडं येतं त्यात.

तसं आता मला लिहायला वेळ आहे कारण इथला सीझनच संपला. तुम्हाला गंमत वाटेल पण मे चा तिसरा आठवडा लागला की इथं खरी रात्र होतच नाही. सूर्य क्षितिजाच्या १८ अंश खाली गेला की मगच आभाळ पुरतं काळं होतं, आणि आमचं गाव साडेबावन्न अंशावर, त्यामुळं आता थेट जुलै संपत येईपर्यंत सूर्य तेवढा खाली जातच नाही, रात्री एक वाजता सुद्धा उत्तरेकडं फिकट उजेड असतो. तुमच्याकडं तर मे मधेच पाऊस कोसळतोय म्हणे, म्हणजे दोन्हीकडं दुकान बंद. पण हा वसंत मात्र इथं अफाट गेला, इंग्लंडमध्ये इतक्या स्वच्छ रात्री ओळीनं मिळतील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

बरं, आधी फोटो बघा. मधे जो भोवरा दिसतोय ना, आणि त्याच्या एका हाताच्या टोकाला लटकलेला पिवळट गोळा, ती एक नाही, दोन दीर्घिका आहेत. मोठीचं नाव एम ५१, धाकटी एनजीसी ५१९५. मोठी मेसिए नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं १७७३ साली पाहिली, पण त्याच्या दुर्बिणीतून नुसताच धुरकट ठिपका दिसायचा. हात दिसले ते १८४५ मधे, आयर्लंडच्या लॉर्ड रॉसला, त्यानं सहा फुटी आरशाची दुर्बीण बांधली होती आणि डोळ्यानं बघून हातानं चित्र काढलं, फोटोबिटो काही नाही. आपल्यापासून अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षं लांब. आणि कुठंय सांगू? सप्तर्षीत शेपटीच्या टोकाचा मरीचि आहे ना, त्याच्यापासून साडेतीन एक अंश बाजूला, हात लांब करून दोन बोटं आडवी धरा, तेवढंच. आजी गच्चीवर झोपताना वसिष्ठ-अरुंधती दाखवायची, तिथनं पुढच्याच ताऱ्याजवळ. इतकी वर्षं आपण त्याच्या खालीच गोधड्या टाकून झोपलो की.

आता गोष्ट. तुम्हाला माहितीये दुर्बीण आठ इंची, ८०० मिलिमीटर फोकल लेंथची, त्याला माझा जुना डीएसएलआर लावलेला. खाली माउंट, सेकंडहँड घेतलेलं. माउंटचं काम एकच, पृथ्वी जशी फिरते तसं उलटं फिरत राहायचं म्हणजे तारा जागेवर राहतो. आभाळ सेकंदाला १५ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक) सरकतं, म्हणजे माझ्या तीन मिनिटांच्या एका फोटोत दीड पौर्णिमेच्या चंद्राएवढं. त्यात चूक किती चालेल? तुम्ही पहिल्याच फोनवर हाच प्रश्न विचारलात, "टॉलरन्स काय?" मी म्हटलं एक आर्कसेकंद. तुम्ही म्हणालात ते आमच्या भाषेत सांग. तर तेव्हा घाईत सांगता आलं नाही, आता सांगते. २०६ मीटरवरनं एक मिलिमीटर जेवढा दिसेल तेवढा एक आर्कसेकंद. किंवा असं धरा, माउंटच्या आतल्या वर्म व्हीलची (आई, मळसूत्रासारखा दांडा म्हणजे वर्म, तो जे दातेरी चाक फिरवतो ते वर्म व्हील) त्रिज्या नऊ सेंटिमीटर असली तर त्याच्या कडेला एक आर्कसेकंद म्हणजे अर्धा मायक्रॉनसुद्धा नाही. तुम्ही आयुष्यभर लेथवर थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, काम केलंत, इथं थाऊचा पन्नासावा भाग चाललाय, तोही सेकंडहँड माउंटवर, परसात, दवात.

मग ते कुठलंच माउंट स्वतःहून करू शकत नाही, म्हणून ऑटोगायडिंग. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बांधायची, ५० मिलिमीटरची, तिला एक बोटाएवढा कॅमेरा. तो दर दोन-तीन सेकंदाला एका ताऱ्याचा फोटो घेतो, लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर तारा किती हलला ते पिक्सेलच्या अपूर्णांकात मोजतं आणि माउंटच्या मोटरला सांगतं, जरा पुढं हो, जरा मागं ये. सॉफ्टवेअरचं नाव पीएचडी टू. आई, ऐक, हे सॉफ्टवेअरचं नाव आहे. मी फोनवर "रात्रभर पीएचडी चालू होतं" म्हटलं आणि तू खालच्या काकूंना सांगून टाकलंस लेक पीएचडी करतेय म्हणून, त्यांनी मला मेसेज केला अभिनंदनाचा! त्या पीएचडीचा अर्थ "पुश हिअर डमी" असा आहे, म्हणजे "ढ माणसा, इथं दाब". आता तूच निस्तर.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदा सगळं लावलं. त्या दिवशी सकाळी इथं खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं, तिकडं दिसलं नाही, आणि ग्रहण म्हणजे अमावस्या आलीच, चंद्राचा त्रास नाही. शिवाय त्याच रात्री इथली घड्याळं एक तास पुढं गेली, म्हणजे झोप तशीही बुडणारच होती. मी उत्साहात २० फोटो काढले आणि सकाळी बघते तर प्रत्येक तारा म्हणजे तांदळाचा दाणा. गोल म्हणून एक नाही. काही फोटोत तर तारा आधी एका बाजूला आणि मग टुणकन दुसऱ्या बाजूला, डंबेलसारखा.

मग सुरू झालं शोधकाम. गायडिंग असिस्टंट म्हणून त्यात एक सोय आहे, ती मोटरला दुरुस्त्या पाठवणं बंद करते आणि माउंट स्वतःच्या मनानं काय काय करतं ते नुसतं मोजत बसते. अर्धा तास चालू दिलं तर ग्राफवरची पूर्व-पश्चिमेची रेघ झोका घेतल्यासारखी वर-खाली, वर-खाली, दर आठ मिनिटांनी एक झोका, वरपासून खालपर्यंत १५ आर्कसेकंद. त्याचा स्क्रीनशॉट दादाला पाठवला आणि मग तुमचा फोन आला. आठवतंय का, तुम्ही फोटो बघून पहिला प्रश्न विचारलात, "अगं, ह्यात वर्म हाय का? चाकाला दाते किती?" मी कागदपत्रं शोधली, १८०. तुम्ही दहा सेकंद गप्प, आणि म्हणालात, "मग काय, २४ तास भागिले १८०, आठ मिनिटं. वर्मचा एक फेरा आठ मिनिटाचा, प्रत्येक फेऱ्याला तुझी रेघ झोका घेते. वर्मला रनआउट हाय, थोडा वाकडा फिरतोय."

मी इथं दोन रात्री गुगल करून जे वाचत होते ते तुम्ही आमटी ढवळता ढवळता सांगितलंत. (आई म्हणाली तेव्हा गॅसवर आमटी होती.) फक्त एक दुरुस्ती बाबा, आभाळाचा फेरा २४ तासांचा नाही, २३ तास ५६ मिनिटांचा, म्हणून तर तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. तसं धरलं तर आठ मिनिटाला एक-सव्वा सेकंद कमी येतो, ४७८.७ सेकंद. ग्राफवर मोजलं तर तेवढाच.

पण हा दोष निरुपद्रवी, असं तुम्हीच म्हणालात आणि ते खरं निघालं. हळू येतो, हळू जातो, गायडिंग त्याला आरामात धरून ठेवतं. खरा गोंधळ मीच घातला होता, मला वाटलं जितक्या पटापट दुरुस्त्या तितकं चांगलं, म्हणून अर्ध्या सेकंदाला एक फोटो आणि जोर शंभर टक्के. आता तारा नुसता हवेच्या थरथरीनं सुद्धा हलतो, शेजारच्या छपरांतून दिवसाची गरमी वर जात असते त्यानं तर फारच, आणि ते हलणं खरं नसतंच, पुढच्या सेकंदाला तारा आपोआप जागेवर येतो. मी त्या प्रत्येक थरथरीमागं मोटर पळवत होते. तुम्ही मला लूना शिकवताना ओरडायचात ना, हँडल सारखं हलवू नको, लांब बघ, तेच. अडीच सेकंद आणि ७० टक्के केलं, पूर्व-पश्चिमेची रेघ शांत झाली.

राहिली उत्तर-दक्षिणेची. आणि तिनं मला तीन आठवडे रडवलं.

ती रेघ अशी वागायची. तारा हळूहळू उत्तरेला सरकायचा. सॉफ्टवेअर म्हणायचं दक्षिणेला ये. काही नाही. परत म्हणायचं. काही नाही. पाच-सहा वेळा सांगूनही तारा आपला उत्तरेलाच, आणि मग एकदम सगळं साठलेलं एकदाच लागू व्हायचं आणि तारा दणकन दक्षिणेच्या टोकाला. मग उलटं, उत्तरेला ये उत्तरेला ये, काही नाही, काही नाही, दणकन. माझे डंबेल इथून येत होते. मी केबल बदलली (तिला एसटी-४ म्हणतात, महामंडळाची नव्हे, पण वेळेवर पोचायच्या बाबतीत मला शंका येत होती), मग ती काढून माउंट सरळ लॅपटॉपला जोडलं म्हणजे दुर्बीण आभाळात कुठं बघतेय ते सॉफ्टवेअरला कळतं. कॅलिब्रेशन, म्हणजे मोटर किती फिरवली की तारा किती हलतो हे सॉफ्टवेअरला शिकवणं, मी मूर्खासारखं सप्तर्षीतच डोक्यावर करत होते, ते आभाळाच्या विषुववृत्ताजवळ, दुर्बीण दक्षिणेला वळवून करायचं असतं, तेही केलं. थोडा थोडा फरक पडला, पण ते "काही नाही, काही नाही, दणकन" काही जाईना.

गायडिंग असिस्टंटनं आकडा दिला, बॅकलॅश २८०० मिलिसेकंद. म्हणजे दिशा उलटी केली की पहिले पावणेतीन सेकंद मोटर नुसतीच फिरते, दुर्बीण जागची हलत नाही. मोटरचा वेग सेकंदाला साडेसात आर्कसेकंद ठेवलेला, म्हणजे २१ आर्कसेकंदांचा प्ले. टॉलरन्स एक, प्ले एकवीस.

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात हो बाबा! मी इकडं रडकुंडीला आलेली आणि तुम्ही म्हणता, "अगं हे तर आमचं रोजचंच. क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवलं की आधी रिकामंच फिरतंय, डायल हलतंय, टूल जागेवरच. मग नवीन पोरगं काय करतंय, अजून फिरवतंय, आणि टूल जॉबमधे घुसतंय. जॉब गेला." मी विचारलं मग तुम्ही काय करायचात. "उलटं यायचंच न्हाई. जास्त मागं जायचं आणि परत पुढनंच यायचं. कायम एकाच बाजूनं. आटे एकाच अंगाला टेकून राहिले पाहिजेत, मग प्ले कितीबी असूदे, तुला दिसणारच न्हाई."

फोन ठेवल्यावर मी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधे गेले आणि तिथं पर्याय होता, उत्तर-दक्षिण गायडिंग: ऑटो, फक्त उत्तर, फक्त दक्षिण, बंद. तीन आठवडे तो माझ्या डोळ्यासमोर होता, मला वाटायचं हा कुणासाठी ठेवलाय, अर्धवट गायडिंग कुणाला हवंय.

पण त्यात एक मेख आहे आणि ती मला फार आवडली. एकाच बाजूनं यायचं तर तारा कायम दुसऱ्या बाजूला सरकत राहिला पाहिजे. आभाळाच्या ध्रुवाशी माउंटचा आस अगदी बिनचूक जुळवला तर तारा सरकतच नाही, मग कधी इकडं कधी तिकडं, आणि प्ले पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून मुद्दाम चूक ठेवायची! मी रोज रात्री अर्धा तास खर्चून ध्रुव जुळवायचे, आता जुळवून झाल्यावर चार आर्कमिनिटं मुद्दाम बिघडवते. मग तारा मिनिटाला जास्तीत जास्त एक आर्कसेकंद, हळूच, एकाच दिशेला सरकतो, आणि मोटर त्याला एकाच दिशेनं मागं ढकलत राहते, दाते कायम टेकलेले. मध्यरात्री दीर्घिका डोक्यावरून पश्चिमेला कलली की दुर्बीण पलटी करावी लागते, तेव्हा मात्र आधी थांबून बघायचं, आता कुठल्या बाजूला सरकतंय, आणि त्याप्रमाणं उत्तर की दक्षिण ते निवडायचं, अंदाजानं नाही. आणि दोन फोटोंच्या मधे दुर्बीण मुद्दाम थोडी हलवतात, म्हणजे कॅमेऱ्याचे डाग एकाच जागी बसत नाहीत, तेही आता मी फक्त पूर्व-पश्चिमच हलवते.

वजनाचं पण तुमचंच. "बरोब्बर तोलू नको, एका अंगाला थोडं जड ठेव, म्हणजे गिअर टेकून राहतंय." पुस्तकात हेच लिहिलंय, पूर्वेकडची बाजू जराशी जड ठेवा म्हणून. मी वाचलंही होतं, पण का ते कळलं नव्हतं.

आणि मग तो रविवार. तुम्हाला राहवलं नाही, "तात्पुरतं झालं ते, प्ले काढायलाच पाहिजे," आणि व्हिडिओ कॉलवर माउंट उघडायला लावलंत. आमचे हे छोटीला घेऊन बागेत पळाले, म्हणाले मला बघवणार नाही. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर माउंट आडवं, फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला. वर्मला चाकाकडं ढकलणारे दोन ग्रब स्क्रू, अलन कीचे. तुम्ही म्हणालात एक सैल केला की दुसरा कस, पण पाव आटा सुद्धा नाही, घड्याळाच्या पाच मिनिटांएवढंच. मग हात लावून दुर्बिणीची सळई हलवून बघ, टक टक आवाज येतोय का. येत होता. अजून पाच मिनिटं. अजून थोडी टक. अजून पाच. आता नाही. मग तुम्ही म्हणालात क्लच घट्ट कर, मोटर लाव, पूर्ण एक फेरा फिरव आणि बोटं वरती ठेव, "डोळ्यानं बघू नको, कानानंबी नको, बोटाला खरखर लागते का सांग." एका जागी लागली. मोटरचा आवाज पण तिथं जरा दाबल्यासारखा झाला. तुम्हाला फोनवरून ऐकू आला नसणार पण मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "लई आवळलंस. दोन मिनिटं मागं घे." घेतलं. खरखर गेली, टक टक परत आली नाही.

त्या रात्री असिस्टंटनं ९०० मिलिसेकंद दाखवले. पार शून्य कधीच होत नाही म्हणे, आणि झालं तर वर्म जाम.

ग्राफ इतका सरळ आला की मी स्क्रीनशॉट घेऊन आमच्या ह्यांना उठवलं. एकूण चूक ०.७ आर्कसेकंद. आणि सकाळी फोटो उघडले तर तारे परत लांबट! खोटं नाही सांगत, लॅपटॉप मिटून मी सरळ ऑफिसला गेले, दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाही.

संध्याकाळी शांतपणे बसून सगळे फोटो एकामागून एक भराभर पळवून बघितले, पिक्चरसारखे. दीर्घिका चौकटीत हळूहळू तिरपी सरकत होती. एका तासात ४० पिक्सेल, म्हणजे तीन मिनिटांच्या प्रत्येक फोटोत दोन. डंबेल नव्हते, उडी नव्हती, सगळे तारे एकाच दिशेला, सारखेच लांब. म्हणजे छोटी दुर्बीण तिचा तारा अगदी घट्ट धरून होती, पण ती छोटी दुर्बीणच मोठीच्या पाठीवर वाकत होती. एक बघतेय इकडं, दुसरी बघतेय जरा तिकडं, आणि रात्रभर दुर्बीण जशी कलते तसा तो वाक बदलतो. ह्याला डिफरेन्शियल फ्लेक्शर म्हणतात. ग्राफमधे तो कधीच दिसणार नाही कारण ग्राफ बिचारा छोट्या दुर्बिणीचंच ऐकतो.

मी छोटी दुर्बीण बोटानं हलवून बघितली. तिला धरणाऱ्या दोन रिंगा, प्रत्येक रिंगेत तीन नायलॉनचे स्क्रू. नायलॉन! हातानं दाबलं तर वाकताना दिसत होते. शिवाय छोट्या कॅमेऱ्याची केबल मोकळी लोंबत होती, दुर्बीण कलली की ती ओढायची. केबल पाठीला बांधून टाकली, आणि स्क्रूच्या खाली शिम, म्हणजे फट भरायचा पातळ पत्रा, घातला. शिम कशाचा विचारा. कोल्ड्रिंकचा कॅन कात्रीनं कापला, त्याचा पत्रा. लहानपणी तुमच्या खिशात कायम पत्र्याचे तुकडे असायचे आणि आई धुताना ओरडायची, ते आठवलं. तासाला ४० चे ८ पिक्सेल झाले. प्रत्येक फोटोत अर्ध्या पिक्सेलच्या आत.

त्याच्यानंतर एप्रिलच्या अमावस्येच्या आसपास चार रात्री मिळाल्या. एक रात्र दवानं खाल्ली, दोन वाजता "तारा हरवला" म्हणून बीप बीप सुरू, बाहेर जाऊन बघते तर छोट्या दुर्बिणीच्या काचेवर धुकं, तेव्हापासून तिला गरम पट्टा बांधते. मागच्या घरच्या आजोबांचा दिवा मांजर गेलं तरी लागायचा, त्यांना जाऊन सांगितलं, चिवड्याचा डबा दिला, आता तेच विचारतात आज ढग आहेत का. एकूण १४८ फोटो, त्यातले १०४ ठेवले, म्हणजे पाच तास बारा मिनिटांचा उजेड. ते सिरिल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं एकावर एक रचले. शेवटी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढायला दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड बांधून फोटो काढावे लागतात, ते कापड म्हणजे आई तुझ्या त्या जुन्या पांढऱ्या साडीचा तुकडा, जो तू छोटीच्या दुपट्यासाठी दिला होतास. धुतलाय परत.

फोटोत डाव्या कोपऱ्यात बारीक बारीक लांबट ठिपके दिसतील, ते तारे नाहीत, मागच्या दीर्घिका आहेत, ह्याच्या कितीतरी पलीकडच्या. आता तारे गोल आल्यामुळं सांगता येतं की लांबट आहे तो तारा नाही. मार्चमधे सगळंच लांबट होतं, तेव्हा काय ओळखणार.

मंगळवारी नारळीकर सर गेले. बातमी वाचली आणि तुमची आठवण आली, शाळेत असताना त्यांच्या विज्ञानकथांचं पुस्तक तुम्ही मला आणून दिलं होतं, आपल्या कोल्हापूरला जन्मलेला माणूस बघ म्हणून. मी ऑफिसात कुणाला सांगितलं तर कुणाला माहीत नव्हते, घरी येऊन ह्यांच्याशीच बोलले.

आता कामाचं. सप्टेंबरपर्यंत मला वेळ आहे आणि कोल्ड्रिंकच्या कॅनवर पुढचा सीझन काढायचा नाही. दादाचा मित्र जुलैमधे इकडं येतोय, त्याच्या बॅगेत अर्धा किलो जागा मागून ठेवलीय. मला दोन रिंगा पाहिजेत, अॅल्युमिनियमच्या, तुम्ही दुपारी ज्या शेडवर जाऊन बसता तिथल्या लेथवर करून. छोट्या दुर्बिणीची नळी मी व्हर्निअरनं तीन ठिकाणी मोजली, ६०.२, ६०.२ आणि ६०.१. रिंग दोन अर्ध्यांची, एका बाजूला बिजागरी नको, दोन्ही बाजूंना बोल्ट, म्हणजे कसून दाबता येईल. रुंदी २० मिलिमीटर, भिंत ८ ची, खालची बाजू सपाट आणि मधे सहा मिलिमीटरच्या बोल्टला भोक. आत मधे नळीला खरचटू नये म्हणून काय घालायचं ते तुम्ही ठरवा, मी म्हणाले असते फेल्ट पण तुम्ही म्हणाल फेल्ट दबतं, आणि ते खरंच दबतं. स्केच काढून वेगळं जोडलंय, त्यात माप चुकीचं वाटलं तर फोन करा, तुमच्या मनानं बदलू नका. किंवा बदला, पण सांगा.

आणि डोळ्यात ड्रॉप वेळेवर घाला, ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं लेथवर लगेच बसू नका, डॉक्टर हो म्हणाले की मगच, जुलैला भरपूर दिवस आहेत. गॉगल घालून.

छोटी आता आभाळाकडं बोट दाखवून "आबा" म्हणते, का ते माहीत नाही, बहुतेक व्हिडिओ कॉलच्या वेळी फोन उंचावर असतो म्हणून.

तुमची,
ताई

ता. क. आई, खालच्या काकूंना सांग की पीएचडी झालं, आणि गाइड बाबा होते.